गाडीने आल्प्समध्ये सहकुटुंब स्की सहल : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

म्युनिक, आउग्सबुर्ग, स्टुटगार्ट आणि आसपास राहणाऱ्या मराठी कुटुंबांकडून दर हिवाळ्यात जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, त्यांची उत्तरे येथे एकत्र दिली आहेत. उदाहरण म्हणून म्युनिकहून ऑस्ट्रियातील टिरोलला जाणारा प्रवास घेतला आहे, कारण पहिल्यांदा जाणारी बहुतेक कुटुंबे तिकडेच जातात. नियम २०२५-२६ च्या हिवाळ्यातील आहेत.

१. आमच्या घरात कोणीही कधी स्की केलेले नाही. पहिल्या सहलीसाठी कोणते ठिकाण निवडावे?

प्रसिद्ध नावांच्या मागे न लागता जवळचे, सौम्य उतारांचे आणि गावातच स्की शाळा असलेले ठिकाण निवडावे. म्युनिकहून सुमारे शंभर किलोमीटरवर, विल्डर काइझर डोंगराच्या पायथ्याशी स्योल, शेफाउ, एलमाउ आणि गोइंग ही गावे आहेत. ती सर्व एकाच मोठ्या स्की क्षेत्रात मोडतात आणि शिकाऊ लोकांसाठीचे उतार तेथे गावालगतच आहेत. ऑस्ट्रियात निळी खूण सोप्या उताराची, लाल मध्यम आणि काळी कठीण उताराची असते. पहिल्या आठवड्यात तुमचा संबंध फक्त निळ्याशी आणि त्याहूनही सपाट अशा सरावाच्या मैदानाशी येणार आहे, त्यामुळे एकूण किती किलोमीटरचे उतार आहेत या आकड्याला अजिबात महत्त्व देऊ नये.

ही गावे साधारण सातशे-आठशे मीटर उंचीवर आहेत, हे मात्र लक्षात ठेवावे. जानेवारी-फेब्रुवारीत कृत्रिम बर्फाच्या मदतीने तेथे काम भागते, पण ईस्टरच्या सुट्टीत पायथ्याशी चिखल असू शकतो. मार्चअखेर किंवा एप्रिलमध्ये जाणार असाल तर सुमारे १७४० मीटरवरील ओबरटाउएर्न किंवा १९०० मीटरच्या वरचे ओबरगुर्गल अशी उंच गावे पाहावीत. प्रवास लांबतो, पण बर्फाची खात्री वाढते.

२. कोणता आठवडा घ्यावा? शाळेच्या सुट्टीशिवाय आम्हाला जाता येत नाही.

मूल अजून शाळेत जात नसेल तर जानेवारीचा दुसरा किंवा तिसरा आठवडा सर्वात चांगला: नाताळची गर्दी ओसरलेली असते, खोल्या स्वस्त असतात आणि स्की शाळेतील गट लहान असतात. शाळकरी मुलांच्या पालकांना बव्हेरियात नाताळची सुट्टी आणि फेब्रुवारीच्या सुमारास येणारी फाशिंगची (कार्निव्हलची) सुट्टी एवढेच भर हिवाळ्यातले पर्याय उरतात. फाशिंगच्या आठवड्यासाठी घर उन्हाळ्यातच ठरवावे, आणि घर ठरले की त्याच दिवशी स्की शाळेतही नाव नोंदवावे. बरेच जण दुसरी गोष्ट विसरतात आणि गावात पोहोचल्यावर गट भरलेले आढळतात.

३. किती वाजता निघावे आणि कोणत्या रस्त्याने जावे?

बहुतेक सुट्टीची घरे शनिवार ते शनिवार भाड्याने दिली जातात, त्यामुळे शनिवारी सकाळी हजारो कुटुंबे एकाच रस्त्यावर असतात. म्युनिकहून ए-८ ने साल्झबुर्गच्या दिशेने, इनतालच्या तिठ्यावर ए-९३ ने दक्षिणेकडे, कीफर्सफेल्डेनला सीमा ओलांडून कुफ्श्टाइन-झ्यूड येथे बाहेर पडायचे आणि आयबर्गमार्गे बी-१७३ व नंतर बी-१७८ धरायचा, हा सरळ मार्ग आहे. रस्ता मोकळा असताना दीड तासाच्या आत पोहोचता येते. फाशिंगच्या शनिवारी सकाळी नऊ वाजता निघालात तर इर्शेनबेर्गच्या चढावरच गाड्या थांबलेल्या दिसतील आणि पुढे कुफ्श्टाइनमध्ये दुसरी रांग लागेल.

यावर दोन उपाय आहेत. पहिला, पहाटे साडेपाचच्या आत निघणे, मुलांना झोपेतच गाडीत बसवणे आणि गावात पोहोचून न्याहारी करणे. घराची किल्ली दुपारी मिळाली तरी तोवर स्कीचे साहित्य भाड्याने घेण्याचे काम गर्दीविना उरकता येते. दुसरा, रविवार ते रविवार किंवा रविवार ते शुक्रवार घर देणारा मालक शोधणे. आमच्या मते लहान मुले असतील तर दुसऱ्या उपायासाठी थोडे जास्त पैसे मोजावेत, कारण चार तास गाडीत अडकलेले मूल पुढचा पूर्ण दिवस चिडचिडे असते.

ब्रेनर घाटमार्गे इटलीतील दक्षिण टिरोलला जाणाऱ्यांसाठी एक वेगळी सूचना: लुएग पुलावर १ जानेवारी २०२५ पासून बहुतेक दिवस प्रत्येक दिशेला एकच मार्गिका चालू असते आणि फक्त गर्दीच्या दिवशी दोन केल्या जातात. त्या मार्गाचे वेळापत्रक निघण्यापूर्वी जरूर पाहावे.

४. ऑस्ट्रियासाठी विन्येटे घ्यावेच लागते का?

ऑस्ट्रियाच्या महामार्गावर गाडी नेण्यासाठी ठरावीक मुदतीचा टोल आधीच भरावा लागतो, त्यालाच विन्येटे म्हणतात. ते एक दिवसाचे, दहा दिवसांचे, दोन महिन्यांचे आणि वर्षाचे मिळते. मात्र वरच्या मार्गाला अपवाद लागू होतो. कीफर्सफेल्डेनच्या सीमेपासून कुफ्श्टाइन-झ्यूडपर्यंतचा ए-१२ चा तुकडा १५ डिसेंबर २०१९ पासून विन्येटेमुक्त आहे. म्हणजे स्योल, एलमाउ किंवा किट्झब्युएलला जाताना तेथेच बाहेर पडलात तर विन्येटे लागत नाही. बाहेर पडण्याचे वळण चुकले आणि पुढे व्यॉर्गलपर्यंत गेलात तर लागते, आणि हे तपासण्यासाठी कॅमेरे असतात. साल्झबुर्गजवळ वाल्झरबेर्गच्या सीमेपासून साल्झबुर्ग-नोर्डपर्यंतचा ए-१ चा तुकडाही असाच मुक्त आहे.

ब्रेनर महामार्ग, टाउएर्न बोगदा आणि आर्लबेर्ग बोगदा यांचा टोल स्वतंत्र असून तो विन्येटेत धरलेला नसतो. डिजिटल विन्येटे थेट अस्फिनाग या ऑस्ट्रियाच्या महामार्ग कंपनीकडूनच घ्यावे. मध्यस्थ त्याच गोष्टीसाठी जादा पैसे घेतात. ते गाडीच्या क्रमांकाशी जोडलेले असते, म्हणून क्रमांक भरताना इंग्रजी ‘ओ’ आणि शून्य यांची गफलत होऊ देऊ नये. क्रमांक चुकला तर पैसे भरूनही तुमची गाडी विनाटोल ठरते.

५. महामार्गावर गाड्या तुंबल्या आणि नॅव्हिगेशनने गावातून जाणारा रस्ता सुचवला, तर तो घ्यावा का?

टिरोलमध्ये बहुधा नाही. हिवाळ्यातील शनिवार-रविवारी आणि सुट्टीच्या दिवशी टिरोल सरकार अनेक ठिकाणी महामार्ग सोडून गावातून पळवाट काढण्यास बंदी घालते. त्या गावातच तुमचे आरक्षण असेल तर बंदी तुम्हाला लागू होत नाही, म्हणून आरक्षणाचा कागद हाताशी ठेवावा. पण केवळ पुढे जाण्यासाठी गावात शिरलात तर पोलिस परत पाठवतात आणि दंडही होऊ शकतो.

दुसरा धोका अधिक गंभीर आहे. जुन्या किंवा चुकीच्या मांडणीचे नॅव्हिगेशन हिवाळ्यात बंद असणारे रस्ते सुचवते. लेख आणि वार्थ ही गावे नकाशावर शेजारी दिसतात, पण त्यांच्यामधला रस्ता हिमस्खलनाच्या भीतीने हिवाळाभर बंद असतो. लेखला जायचे तर आर्लबेर्गच्या बाजूनेच जावे लागते. ग्रोसग्लोकनर आणि टिमेल्सयोख हे उंच घाटही हिवाळ्यात बंद असतात. मार्ग ठरवताना शेवटचे वीस किलोमीटर स्वतः नकाशावर पाहून घ्यावेत.

गाड्या थांबल्या की, मागून रुग्णवाहिकेचा आवाज येण्याची वाट न पाहता, डावीकडच्या मार्गिकेने डावीकडे आणि बाकीच्यांनी उजवीकडे सरकून मध्ये वाट मोकळी ठेवायची असते. जर्मनी आणि ऑस्ट्रिया या दोन्ही देशांत ही सक्ती आहे.

६. आमच्या गाडीला ऑल-सीझन टायर आहेत. चालतील का?

टायरच्या बाजूवर तीन शिखरांच्या डोंगरात हिमकणाचे चिन्ह असेल आणि खाच किमान ४ मिलिमीटर खोल असेल, तर दोन्ही देशांत चालतील. ऑस्ट्रियात १ नोव्हेंबर ते १५ एप्रिल या काळात रस्त्यावर बर्फ, चिखलबर्फ किंवा गोठलेले पाणी असेल तेव्हा चारही चाकांना हिवाळी टायर सक्तीचे असतात, आणि ४ मिलिमीटरहून झिजलेला टायर तेथे हिवाळी धरलाच जात नाही. जर्मनीत १ ऑक्टोबर २०२४ पासून केवळ ‘एम+एस’ अशी अक्षरे असलेला टायर पुरेसा नाही. हिमकणाचे चिन्ह हवेच. खाच मोजण्यासाठी कार्यशाळेत जाण्याची गरज नाही. एक युरोच्या नाण्याची सोनेरी कड साधारण ३ मिलिमीटर रुंद असते. ती खाचेत बुडून वर थोडी जागा उरली नाही, तर डोंगरात जाण्याआधी टायर बदलावेत.

दंड हा यातला लहान भाग आहे. चुकीच्या टायरवर अपघात झाला तर विमा कंपनी भरपाई कमी करू शकते, आणि मुले मागच्या सीटवर असताना उतारावर गाडी थांबत नाही हा अनुभव कोणत्याही कुटुंबावर येऊ नये.

७. हिवाळी टायर आहेत, मग स्नो चेन कशाला?

गोल निळ्या पाटीवर चेन गुंडाळलेल्या चाकाचे चित्र दिसले की तेथून पुढे चेन सक्तीची असते, टायर कितीही चांगले असले तरी. खालच्या पाटीवर तशी सूट लिहिलेली नसेल तर चारही चाकांना जोर देणाऱ्या गाडीलाही ती लागते. एलमाउसारख्या दरीतल्या गावी मुख्य रस्ता सतत साफ केला जातो, तेथे बहुतेक वेळा चेन डिकीतच राहते. पण तुमचे घर डोंगराच्या अंगावर शेतघराजवळ असेल, तर शेवटचे पाचशे मीटरच अवघड ठरतात. म्हणून घरमालकाला आधी विचारावे की रात्री बर्फ पडल्यावर घरापर्यंतचा रस्ता किती वाजता साफ होतो.

चेन घेण्यापूर्वी टायरवरचे माप (उदाहरणार्थ २०५/५५ आर १६) पाहावे आणि गाडीच्या पुस्तिकेत त्या मापावर चेन लावण्यास परवानगी आहे का, हे वाचावे. काही गाड्यांना रुंद टायरवर चेन चालत नाही. चेन नेहमी जोर देणाऱ्या चाकांना लावतात, म्हणजे बहुतेक घरगुती गाड्यांत पुढच्या.

लावण्याचा सराव घराच्या अंगणात, कोरड्या दिवशी, दोघांनीही करावा. चेन आधी जमिनीवर पसरून पीळ काढायचा, आतली कडी चाकामागून वर आणून जोडायची, मग बाहेरची जोडायची, ताणणारी साखळी ओढून अडकवायची आणि साधारण शंभर मीटर चालवून पुन्हा ताणायची. अंधारात, उणे तापमानात आणि मागे हॉर्न वाजत असताना हेच काम तिप्पट अवघड होते. डिकीत, आणि तेही सामानाच्या वर, चेनबरोबर रबरी हातमोजे, डोक्याला बांधायची बॅटरी आणि गुडघे टेकायला जुने पायपुसणे ठेवावे. चेन लावल्यावर ताशी ५० किलोमीटरच्या वर जाऊ नये आणि डांबर दिसू लागताच ती काढावी.

८. भाड्याची गाडी घेतली तर?

आरक्षण करतानाच हिवाळी टायर, ऑस्ट्रियात नेण्याची परवानगी आणि मुलांच्या खुर्च्या या तीन गोष्टी लेखी घ्याव्यात. चेन बहुधा वेगळी मागावी लागते. जर्मनीत वास्तव्य सुरू होऊन सहा महिने झाले असतील तर भारतीय लायसन्सवर गाडी चालवता येत नाही, जर्मन लायसन्स लागते. हा नियम मोडल्यास विम्याचाही आधार राहत नाही.

९. इलेक्ट्रिक गाडी नेता येईल का?

येईल. थंडीत आणि चढावर एका चार्जमधला पल्ला बराच घटतो, म्हणून गाडी चार्जरला लावलेली असतानाच आतून गरम करून निघावे आणि घराजवळ चार्जिंगची सोय आहे का, हे आधी विचारावे. विन्येटेतून इलेक्ट्रिक गाडीला सूट नाही.

१०. गाडीत मुलांना स्कीचे जॅकेट घालूनच बसवावे का? म्हणजे पोहोचल्यावर वेळ वाचेल.

कधीही बसवू नये. फुगीर जॅकेटवर पट्टा घट्ट वाटतो, पण धडक बसताच जॅकेट दबते आणि मूल व पट्टा यांच्यात मोकळी जागा होते. पातळ स्वेटरवर पट्टा ताणून बांधावा आणि जॅकेट वरून पांघरूण म्हणून घालावे. ऑस्ट्रियात १३५ सेंटिमीटरपेक्षा कमी उंचीच्या आणि १४ वर्षांखालील मुलांना खुर्ची सक्तीची आहे. जर्मनीत ही मर्यादा १५० सेंटिमीटर आणि १२ वर्षे आहे. जर्मनीतून निघणाऱ्याने दोन्हींपैकी जे लागू होईल ते पाळावे. स्कीच्या पट्ट्या सीटवरून आडव्या टाकू नयेत; त्या छतावरच्या पेटीत किंवा बांधून ठेवाव्यात, आणि पेटीच्या वजनासह छतावरचा भार गाडीच्या पुस्तिकेतील मर्यादेत असावा.

११. मूल कितव्या वर्षी स्की शिकू शकते? आम्हीच शिकवले तर चालेल का?

बहुतेक स्की शाळा तीन वर्षांच्या मुलांना खेळगटात आणि चार वर्षांच्या मुलांना शिकाऊ गटात घेतात. स्वतः शिकवण्याचा विचार सोडून द्यावा, विशेषतः तुम्हीही पहिल्यांदाच जात असाल तर. शाळेतील शिक्षक मुलांना स्कीची पुढची टोके जवळ आणून मागे पाचर करायला सांगतात आणि त्याला ‘पिझ्झा’ म्हणतात. समांतर स्की म्हणजे ‘पोमेस’, बटाट्याच्या काड्या. जर्मन बालवाडीत जाणाऱ्या मुलाला हे लगेच कळते, आणि चालत्या पट्ट्यावरून वर जाऊन पिझ्झा करत खाली येणारी मुले दोन दिवसांत आईबाबांना मागे टाकतात.

गट साधारण रविवारी किंवा सोमवारी सुरू होतात, आणि शेवटच्या दिवशी छोटी शर्यत व पदक असते. त्यामुळे मंगळवारी पोहोचणाऱ्या मुलाला मध्येच गटात टाकणे त्याच्यावर अन्याय आहे. मोठ्यांनीही पहिले तीन दिवस शिक्षक घ्यावा.

१२. दुसऱ्या दिवशी मूल जायला नाही म्हणते. काय करावे?

आधी बूट तपासावेत. नडगीवर लाल वळ असेल तर बहुधा मोज्याची घडी किंवा बुटात खोचलेली आतली विजार हे कारण असते. बुटात एकच उंच मोजा असावा, बाकी काहीही नाही. सरळ उभे राहिल्यावर बोटे पुढे किंचित टेकावीत आणि गुडघे वाकवल्यावर मागे सरकावीत, हे बरोबर माप. बूट ठीक असूनही मूल नको म्हणत असेल, तर त्या दिवशी अर्धा वेळ शाळा आणि अर्धा वेळ घसरगाडी असे करावे. पैसे भरले आहेत म्हणून रडत्या मुलाला उतारावर उभे करू नये. स्की आवडण्याची शक्यता त्याच क्षणी संपते.

१३. साहित्य विकत घ्यावे की भाड्याने?

स्की, बूट, काठ्या आणि हेल्मेट भाड्याने घ्यावे. मुलांचे माप दर हिवाळ्यात बदलते. गॉगल, जलरोधक हातमोजे आणि दोन जोड मोजे मात्र स्वतःचे असावेत. दुकानात वजन, उंची, वय आणि अनुभव विचारतात, कारण त्यावरून बूट स्कीपासून किती जोर पडल्यावर सुटावा हे ठरते. वजन संकोचाने कमी सांगितल्यास स्की नको तेव्हाच सुटते, आणि अनुभव हौसेने जास्त सांगितल्यास पडल्यावर ती वेळेवर सुटत नाही आणि गुडघा पिळवटतो. आतून घाम शोषणारा कपडा, मध्ये लोकर किंवा फ्लीस आणि बाहेर जलरोधक जॅकेट पुरते. सुती बनियन ओला होऊन अंग गार करतो. ढगाळ दिवशीही सनस्क्रीन लावावे, कारण ताज्या बर्फावरून ऊन मोठ्या प्रमाणात परावर्तित होते.

१४. हेल्मेटची सक्ती आहे का?

ऑस्ट्रियाच्या बहुतेक प्रांतांत १५ वर्षांखालील मुलांना ती आहे, टिरोल आणि फोरार्लबेर्गमध्ये नाही. इटलीत १ नोव्हेंबर २०२५ पासून सर्व वयाच्या लोकांना आहे, शिवाय तेथे २०२२ पासून स्की करणाऱ्याकडे त्रयस्थाच्या नुकसानीचा विमा असणे बंधनकारक आहे. टिरोलमध्ये कायदा नसला तरी घरातल्या प्रत्येकाने हेल्मेट घालावे.

१५. पुण्याहून आई-बाबा आलेले असतील. त्यांना नेता येईल का, आणि ते दिवसभर काय करतील?

जर्मनीचा शेंगेन व्हिसा ऑस्ट्रियात चालतो. मूळ पासपोर्ट बरोबर हवा. स्की न करणाऱ्यांसाठी लिफ्टने वर जाऊन परत येण्याचे तिकीट मिळते, दरीत बर्फ दाबून केलेल्या पायवाटा असतात आणि वरच्या उपाहारगृहाच्या उन्हाच्या गच्चीवर बसून दुपार छान जाते. पडण्याची भीती हीच त्यांची खरी अडचण असते. बुटांच्या तळाला चढवायचे खिळ्यांचे रबरी पट्टे स्वस्त मिळतात, ते नक्की घ्यावेत. हृदयविकार किंवा दमा असेल तर उंच लिफ्टविषयी निघण्यापूर्वी डॉक्टरांना विचारावे. त्यांच्यासाठी जर्मनीतला प्रवासी विमा ऑस्ट्रियातही लागू आहे ना, हे पाहावे (विम्याचे बाकीचे मुद्दे प्रश्न १७ मध्ये).

१६. आम्ही पूर्ण शाकाहारी आहोत. जेवणाचे काय?

स्वयंपाकघर असलेले घर घ्यावे आणि कुकर न्यावा. उंचीवर पाणी शंभर अंशांच्या आधीच उकळते, १५०० मीटरवर साधारण ९५ अंशांना, त्यामुळे उघड्या भांड्यात तूरडाळ शिजता शिजत नाही. मेतकूट, भाजणी आणि तयार पोह्यांचे मिश्रण असले की संध्याकाळी दमून आल्यावर अर्ध्या तासात ताट वाढता येते.

डोंगरावर केझेश्पेत्झ्ले (चीज घातलेले पिठाचे गोळे), काइझरश्मारन (फोडलेले गोड धिरडे) आणि गेर्मक्न्योडल (प्लमचे सारण भरलेला वाफवलेला गोळा) मिळतात. केझेश्पेत्झ्लेवर मांसाचे तुकडे टाकतात का, हे विचारावे. सूपबाबत जास्त सावध राहावे: त्यातले तुकडे शाकाहारी असले तरी पाणी बहुधा गोमांसाचे असते. ‘मांस नको’ असे म्हणून भागत नाही, ‘रस्सा कशाचा आहे’ असेच विचारावे.

१७. जर्मन आरोग्य विमा पुरेसा आहे का?

ऑस्ट्रियातील सरकारी रुग्णालयात आरोग्य कार्डाच्या मागची युरोपीय बाजू चालते. मात्र उतारावरून खाली आणण्याचा खर्च, विशेषतः हेलिकॉप्टरचा, सहसा त्यात येत नाही आणि तो काही हजार युरोंवर जाऊ शकतो. म्हणून डोंगरातील बचावाचा समावेश असलेला परदेश प्रवास विमा किंवा आल्पाइन क्लबचे (गिर्यारोहकांच्या संघटनेचे) कौटुंबिक सदस्यत्व घ्यावे, आणि अटी वाचून घ्याव्यात. दुसऱ्याला धडक बसल्यास लागणारा खासगी दायित्व विमाही हवा. ऑस्ट्रियात डोंगरी बचावासाठी १४०, रुग्णवाहिकेसाठी १४४ आणि सर्वत्र ११२ हे क्रमांक आहेत. अपघातस्थळाच्या थोडे वर दोन स्की फुलीसारख्या बर्फात रोवून इतरांना सावध करावे.

१८. लिफ्ट बंद झाल्यावर मुलांना उतारावर घसरगाडी खेळू दिली तर?

देऊ नये. संध्याकाळी उतार सारखे करणारी अवजड यंत्रे काम करतात आणि तीव्र चढावर ती लांब पोलादी दोरीने वर बांधलेली असतात. ती दोरी अंधारात दिसत नाही आणि क्षणात ताणली जाते. तिने माणसे मेली आहेत. घसरगाडीसाठी वेगळे आखलेले मार्ग असतात, स्योलमध्ये तर रात्री दिव्यांनी उजळलेलेही आहेत.

१९. गाडी रात्रभर उघड्यावर राहणार आहे. काय काळजी घ्यावी?

काच धुण्याच्या पाण्यात उणे वीस अंशांचे द्रव घालावे, वायपर काचेपासून उभे करावेत आणि सपाट जागी हँडब्रेक न ओढता गाडी गिअरमध्ये ठेवावी, म्हणजे ब्रेक गोठून अडकत नाही. सकाळी छतावरचा बर्फही काढूनच निघावे. तो ब्रेक मारल्यावर पुढच्या काचेवर येतो किंवा मागच्या गाडीवर उडतो. त्रिकोण, प्रथमोपचार पेटी आणि चकाकणारे जाकीट गाडीत असणे ऑस्ट्रियात सक्तीचे आहे.

२०. परतताना सीमेवर तपासणी असते का?

असते. जर्मनीने ऑस्ट्रियाच्या सीमेवर २०१५ पासून तपासणी ठेवली आहे आणि कीफर्सफेल्डेनला शनिवार-रविवारी त्यामुळे रांग लागते. प्रत्येकाचा मूळ पासपोर्ट आणि वास्तव्याचे कार्ड, लहान मुलांचेही, चालकाच्या शेजारी बसणाऱ्याकडे एकत्र ठेवावे. छायाचित्र किंवा झेरॉक्स चालत नाही. कार्डाची मुदत संपून नूतनीकरण चालू असेल तर परदेशी नागरिक कार्यालयाने दिलेल्या तात्पुरत्या कागदावर प्रवासाची मुभा आहे का, हे निघण्यापूर्वी त्याच कार्यालयातून विचारून घ्यावे, कारण अशा प्रत्येक कागदावर ती नसते.